बोर्ड घेण्याआधी वजनकाट्यावर उभे राहा!

सोलापूर आणि विंडसर्फिंग? हा प्रश्न टाकला की समोरचा आधी आपल्याकडे बघतो, मग आभाळाकडे बघतो आणि मग म्हणतो, "काय बे, ऊन लागलं का?" बरोबरच आहे म्हणा. समुद्र इथून एका रात्रीच्या बसवर. गावात पाणी नळाला कधी येणार, यावर लोक शनिवारची कामं ठरवतात. आणि आपण गप्पा मारतोय शीड लावलेल्या फळीवर उभं राहून पाण्यावर सुसाट जाण्याच्या!

पण जरा थांबा. टेंभुर्णीजवळ भीमानगरला जे धरण आहे, त्याच्या मागे पार भिगवणच्याही पुढे पसरलेलं पाणी कधी नीट बघितलंय? उजनीचा जलाशय म्हणजे कागदोपत्री 'यशवंतसागर', आणि सागर हे नाव काही उगाच दिलेलं नाही. वाऱ्याचं म्हणाल तर मान्सूनचा पश्चिमेकडचा वारा पाऊस कोकणात आणि घाटमाथ्यावर टाकून देतो आणि स्वतः मात्र कोरडा-कोरडा आपल्याकडे येतो. साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या ज्या वाऱ्यावर फिरतात, तोच हा वारा. जून ते ऑगस्ट आपण त्याला 'धूळ नुसती' म्हणून शिव्या घालतो. विंडसर्फिंग करणारा माणूस त्याला 'पंधरा नॉट्स' म्हणतो. दृष्टिकोनाचा फरक!

हे सगळं डोक्यात घोळायचं कारण माझा एक मित्र. मूळचा सोलापूरचा, नोकरी हिंजवडीत, शुक्रवारी रात्री आईच्या हातचं जेवायला घरी. तीन वर्षांपूर्वी तो गोव्याला सुट्टीवर गेला आणि सगळे शॅकमध्ये पडलेले असताना हा पठ्ठ्या विंडसर्फिंग शिकला. नंतरच्या सगळ्या सुट्ट्या तिकडेच. आता त्याला दोरीने शीड पाण्यातून वर खेचता येतं, वळता येतं, हार्नेस अडकवून हातांवरचा भार कमी करता येतो आणि मुख्य म्हणजे जिथून निघाला तिथेच परत येता येतं. (नवशिक्यांना विचारा, यातली शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड असते.) यंदा अप्रेझल बरं झालं. आणि मग एका रात्री साडेअकराला फोन, "बोर्ड मिळतोय. सेकंड हॅण्ड. एकशेपाच लिटर, फुल कार्बन, दिसायला बाप आहे. घेऊ?"

मी विचारलं, "तुझं वजन किती?"

"ब्याऐंशी. का?"

इथे जरा शाळेत जाऊन येऊ. आर्किमिडीज आठवतोय? विंडसर्फिंगचे बोर्ड शर्टासारखे स्मॉल-मीडियम-लार्जमध्ये येत नाहीत, लिटरमध्ये येतात. १०५ लिटरचा बोर्ड पूर्ण पाण्याखाली दाबला तर तो १०५ लिटर पाणी बाजूला सारणार, आणि गोड्या पाण्यात १०५ लिटर म्हणजे १०५ किलो. बोर्ड यापेक्षा जास्त काही तोलू शकत नाही. आता आमच्या मित्राचा हिशेब करा. तो स्वतः ८२. शीड, मास्ट आणि हाताने धरायचा बूम मिळून १० किलोच्या आसपास. बोर्डचं स्वतःचं वजन ८ ते १० किलो. लाइफ जॅकेट, हार्नेस, अंगावरचे ओले कपडे धरा दोन-तीन किलो. झाले १०५! म्हणजे साहेब बोर्डवर उभे, बोर्ड पाण्याखाली, आणि बघणाऱ्याला वाटेल हा माणूस उजनीवर चालतोय.

मग ते व्हिडिओतले गोरे लोक याहून लहान बोर्डवर कसे काय? सोपं आहे. बोर्डने वेग घेतला की तो पाणी कापत जात नाही, पाण्यावर चढून सरकायला लागतो. याला प्लेनिंग म्हणतात आणि सगळी मजा त्यातच आहे. खाली दाबलं जाणारं पाणीच तेव्हा बोर्डला उचलून धरतं, लिटरबिटर गौण ठरतात. शिवाय ती मंडळी दोरी खेचत बसत नाहीत. पाण्यात पडल्या पडल्या शिडात वारा भरून घेतात आणि वाराच त्यांना उचलून बोर्डवर ठेवतो. तो वॉटरस्टार्ट. तो येईपर्यंत तुम्हांला डुगडुगत्या बोर्डवर उभं राहून दोरीनेच शीड वर ओढायचंय, आणि त्यासाठी बोर्डच्या खिशात काही लिटर शिल्लक हवेत. बँकेत मिनिमम बॅलन्स ठेवतो तसे.

किती शिल्लक? शाळेच्या दोनशे लिटरच्या तराफ्यावरून जो पहिल्या 'फ्रीराइड' बोर्डवर येतोय, त्याने आपल्या वजनात साठ ते ऐंशी मिळवावेत, हा ढोबळ हिशेब बऱ्यापैकी चालतो. साठ किलोच्या मुलीला १२० ते १४०. माझ्या मित्राला १४५ ते १६०. समुद्राचं पाणी खारट, त्यामुळे जरा जड, म्हणून तिथे तोच बोर्ड दोन-अडीच टक्के जास्त तोलतो. गोव्यात जो बोर्ड 'जमतोय' असं वाटतं, तो उजनीत दोन-तीन किलोने कमी पडतो. फार नाही, पण माझा सल्ला असा की आपल्याकडच्या गोड्या पाण्यासाठी आणि झुळूक-झटका-झुळूक अशा वाऱ्यासाठी शंका असेल तर वरचा आकडा घ्या. मोठा बोर्ड घेऊन कोणी बुडाल्याचं मी ऐकलेलं नाही.

आणि प्लीज, नुसत्या लिटरवर जाऊ नका. रुंदी बघा! सेकंड हॅण्डच्या बाजारात सगळ्यात जास्त फसवाफसवी इथेच होते, आणि विकणारा बिचारा खोटंही बोलत नसतो. नव्वदच्या दशकातला एखादा जुना बोर्ड १२० लिटरचा असतो, स्वस्तात मिळतो, पण तो लांबलचक आणि जेमतेम साठ सेंटिमीटर रुंद. त्यावर उभं राहणं म्हणजे माठ डोक्यावर घेऊन बांधावरून चालणं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डिझाइनवाल्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, बोर्ड आखूड आणि रुंद झाले, आणि शिकणाऱ्यांचं आयुष्य सुधारलं. या बदलात स्टारबोर्ड कंपनीचा मोठा हात होता. कंपनी नॉर्वेच्या स्वेन रासमुसेनने काढलेली, पण मुक्काम थायलंडमध्ये. जगातले कितीतरी नामांकित बोर्ड, ब्रॅण्ड कुठलाही असो, थायलंडमधल्या चोनबुरीच्या कोब्रा नावाच्या कारखान्यात तयार होतात. म्हणजे 'जर्मन आहे हां' असं सांगून कोणी जास्त पैसे मागत असेल तर हसायला हरकत नाही. तर, आजचा पहिला फ्रीराइड बोर्ड साधारण अडीच मीटर लांब आणि ७५ ते ८५ सेंटिमीटर रुंद असावा. टेप घेऊन जा. लाजू नका. साडी घेताना आई काठ मोजून बघतेच की.

'फ्रीराइड' म्हणजे नक्की काय, हेही सांगून टाकते. रेसचे बोर्ड वेगळे, ते सपाट, तापट आणि तुमच्या चुका माफ न करणारे. लाटांवर उड्या मारायचे वेगळे, छोटे आणि चपळ. फ्रीराइड म्हणजे मधला, मनमिळाऊ माणूस. लवकर वेग पकडतो, वळताना कडा पाण्यात रुतवत नाही, तुम्ही पाय चुकीच्या जागी ठेवलात तरी लगेच आपटत नाही. अशा बोर्डवर पाय अडकवायच्या पट्ट्यांसाठी दोन-दोन जागांची भोकं असतात, एक आतल्या बाजूला, एक कडेला. सुरुवातीला आतली जागा वापरायची, किंवा पट्ट्या चक्क काढूनच ठेवायच्या. आणि वरचा मऊ फोमचा थर पुढच्या टोकापर्यंत आहे का बघा. गुडघे तुमचेच आहेत.

आता खरा वादाचा मुद्दा. डॅगरबोर्ड.

बोर्डच्या मधोमध खाली सरकवायचं हे एक पातं असतं. शाळेच्या बोर्डला ते असतंच. हळू चालताना वारा आपल्याला बाजूला ढकलत नेतो, तेव्हा हे पातं पाण्यात रुतून बोर्डला सरळ ठेवतं आणि वाऱ्याच्या दिशेला परत चढू देतं. फ्रीराइड बोर्डना बहुधा हे नसतं, त्यांना फक्त मागे फिन. आणि फिन काम करायला लागते वेग असला की. जाणकार मंडळी सांगतात, डॅगरबोर्ड विसरा, त्याच्या खाचेमुळे वेग कमी होतो, वजन वाढतं, फिनवर चालायला शिका. युरोपातल्या एखाद्या तलावावर हे शंभर टक्के बरोबर आहे. तिथे काठाला क्लब आहे, क्लबकडे मोटरबोट आहे, आणि वाहत गेलात तर फार तर हिरवळीवरून बोर्ड खांद्यावर घेऊन लाजत परत यायचं.

उजनीत वाहत गेलात तर? पश्चिमेचा वारा साधारण जलाशयाच्या लांबीने वाहतो. म्हणजे तुम्ही धरणाच्या दिशेने चाललात. काठावर हिरवळ नाही, गुडघाभर गाळ आहे, मग बाभळी, मग उसाचा फड, मग कोणाचा तरी कुत्रा. रेस्क्यू बोट म्हणजे एखादे मासेमारी करणारे मामा, ते त्या वेळी नेमके तिकडे असले तर. अशा ठिकाणी वेग दोन नॉट्सने कमी झाला तर काय बिघडतं हो? मला विचाराल तर उजनीसाठीचा पहिला बोर्ड डॅगरबोर्डवालाच हवा. नाहीतर निदान मधल्या फिनची सोय असलेला. मागे सरकवून वर घेता येणाऱ्या डॅगरबोर्डचे मोठे फ्रीराइड बोर्ड मिळतात. वारा आला की पातं वर घ्या आणि सुटा, वारा पडला की खाली करा आणि निमूट घरी या. गोव्याच्या वाळूवर बोर्ड ठेवणार असाल, शेजारी शिकवणारे असतील, तर मात्र बिनधास्त विनाडॅगरचा घ्या. बोर्ड पाण्याप्रमाणे निवडायचा असतो.

पाण्याचं निघालंच आहे तर उजनीचं गणितही सोलापूरकरांना नव्याने सांगायला नको. धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी, त्यातले निम्म्याहून जास्त, म्हणजे साधारण ६४ टीएमसी, मृतसाठा. म्हणून तर जगात कुठे नसेल अशी बातमी आपल्याकडे येते : 'उजनी मायनसमध्ये'. २०२४ च्या उन्हाळ्यात तर धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि आपण सगळे फोटो काढायला धावतो. पण बोर्डवरून विचार करा. देऊळ वर येतंय म्हणजे त्या आसपास अजून काय काय पाण्याखाली वीतभरावर असेल? बुडालेल्या गावांच्या भिंती, विहिरींचे काठ, बाभळीची खोडं. आणि दीडशे लिटरच्या बोर्डबरोबर येणारी फिन असते ४५ सेंटिमीटरच्या आगेमागे लांब. ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने ती एखाद्या भिंतीवर आदळली की बोर्ड जागेवर थांबतो. तुम्ही नाही थांबत.

त्यामुळे बोर्ड घेताना फिनची खाच कुठल्या प्रकारची आहे हे बघाच. पॉवरबॉक्स, टटल, डीप टटल अशी नावं असतात. मोठ्या फ्रीराइड बोर्डांवर पॉवरबॉक्स भरपूर दिसतो. वरून एक बोल्ट, खेळ खल्लास. सोबत एक दुसरी, आखूड आणि मागे झुकलेली फिन घ्या. तिला वीड फिन म्हणतात. पाणी उथळ असताना तीच लावायची आणि जलपर्णीतून जाताना तिच्यात पानं-मुळं अडकत नाहीत, मागे निसटून जातात. उजनीत जलपर्णी किती असते हे भिगवणला फ्लेमिंगो बघायला गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. (फ्लेमिंगोंचं नाव काढलं म्हणून : हिवाळ्यात त्या उथळ भागात बोर्ड घेऊन जाऊ नका. पक्षी उडतात, लोकांचा धंदा बसतो, आणि वारा तेव्हा तसाही नसतो.) कोळ्यांची जाळी हा आणखी एक विषय. पांढऱ्या थर्माकोलच्या तुकड्यांची रांग दिसली की लांबून जा. जाळं फाटलं तर ते कोणाचं तरी महिन्याचं उत्पन्न असतं. काठावर उतरायच्या आधी तिथल्या माणसांशी बोला, 'मामा, इथे खाली काय आहे?' एवढा एक प्रश्न विचारा. कुठल्याही ॲपवर नसलेला नकाशा त्यांच्या डोक्यात असतो. आणि धरण जलसंपदा खात्याचं आहे, तेव्हा कुठे उतरायला परवानगी आहे आणि कुठे नाही, हे आधी विचारून घ्या. भिंतीच्या जवळपास तर नाहीच नाही.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी न्यायची नाही. २१ मे २०२४ ला संध्याकाळी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात सापडून उलटली. सहा जण गेले. रोजच्या वाटेवरची होडी होती ती. मे महिन्यातला वळीव असाच येतो. दुपारभर पान हलत नाही, मग पश्चिमेला काळं दिसतं आणि पाऊस पोचायच्या आधी वारा पोचतो, तोही दहावरून तीस-चाळीस नॉट्सवर, काही मिनिटांत. अशा वाऱ्यात तुमचं कौशल्य, तुमचा कार्बन, तुमचा इन्स्टाग्राम, काही कामाला येत नाही. म्हणून ढग उभा राहताना दिसला की बाहेर. एप्रिल-मेच्या दुपारी तर आत जायचंच नाही, असा मी माझ्या मित्रासाठी नियमच केलाय. जॅकेट अंगावर, शिट्टी जॅकेटला, काठावर एक माणूस जो तुमच्याकडे बघतोय (मोबाइलकडे नाही). आणि काहीही झालं तरी बोर्ड सोडून पोहत निघायचं नाही. पाण्यातली तुमची सगळ्यात मोठी ट्यूब म्हणजे तो बोर्डच.

इथे पुन्हा ते लिटर आठवा. वारा हाताबाहेर गेला तर शीड गुंडाळून बोर्डवर आडवं ठेवायचं आणि स्वतः पालथं पडून हातांनी वल्हवत यायचं, हा जगभर शिकवला जाणारा उपाय. दीडशे लिटरच्या बोर्डवर ब्याऐंशी किलोचा माणूस हे करू शकतो. एकशेपाचवर तो मास्टसकट अर्धा पाण्यात. मित्राने फोनवर हे ऐकलं आणि पहिल्यांदा तो जरा गप्प झाला.

आता पैशाकडे. नवा बोर्ड युरोपात घ्यायचा तर साधारण हजार ते दोन हजार युरो, शीड-मास्ट-बूम वेगळे. मग जहाज किंवा विमान, मग कस्टम्स ड्यूटी, मग जीएसटी. अडीच मीटरच्या खोक्याचं भाडं ऐकून कुरिअरवालाही आधी पाणी पितो. त्यामुळे आपल्यासारख्यांसाठी रस्ता सेकंड हॅण्डचाच. गोवा, मुंबई, चेन्नई, रामेश्वरम या पट्ट्यात बोर्ड फिरत असतात. कोणी परदेशी जातो, कोणाला मूल होतं, कोणाची पाठ दुखायला लागते. धीर धरा. घाईत घेतलेला बोर्ड नंतर पाच वर्षं पलंगाखाली दिसतो.

बघायला गेलात तर आधी अंगठा वापरा. टाचा जिथे टेकतात तिथे दाबून बघा. आत फोमचा गाभा आणि वर फायबरचे थर अशी रचना असते. थर सुटले असतील तर तिथे मऊ लागतं. मऊ लागलं तर गोड बोलून निघा. पुढचं टोक बघा, कारण नवशिका पुढे फेकला गेला की मास्ट नेमका तिथेच आदळतो, आणि रंग मारून लपवलेली दुरुस्ती उन्हात तिरकं धरल्यावर दिसते. फिनच्या खाचेभोवती चीर नको. आणि शेवटचं, वजनकाटा! कंपनीने नऊ-साडेनऊ किलो सांगितलेला बोर्ड बारा-तेरा भरला तर आत पाणी शिरलंय. काटा नसेल तर तुम्ही काट्यावर, मग बोर्ड घेऊन काट्यावर, वजाबाकी करा. विकणारा वैतागेल. वैतागू दे.

सोलापूरकरांसाठी एक खास सूचना, जी कुठल्याही परदेशी मॅन्युअलमध्ये इतक्या कळकळीने लिहिलेली नसते. बऱ्याच बोर्डच्या वरच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो. आतली हवा तापली की बाहेर जायला ती वाट. पाण्यात उतरताना घट्ट बंद, बाहेर आलं की सैल. आता आपला मे महिना, ४४ डिग्री, टपावर बांधलेला बोर्ड, स्क्रू बंद, आणि आपण टेंभुर्णीला जेवायला बसलोय. आत हवा फुगते आणि थर सुटतात. काही बोर्डना आपोआप श्वास घेणारी झडप असते, तरी सावली ती सावलीच. चंदेरी कव्हर मिळालं तर उत्तम, नाहीतर आपली सोलापुरी चादर आहेच. जाड, सुती, आणि मास्ट गुंडाळायला तर एक नंबर. शिडाचा पारदर्शक भागही उन्हात ठेवला की दोन-तीन उन्हाळ्यांत पापडासारखा होतो. वापर झाला की गुंडाळा, पसरून ठेवू नका.

"मग फुगवायचा बोर्ड घेऊ का?" हा मित्राचा पुढचा प्रश्न. प्रश्न चांगला आहे. फुगवायच्या स्टॅण्ड-अप पॅडल बोर्डवर शीड लावायची सोय असलेले प्रकार आता मिळतात. पंप मारा, नाहीतर सॅकमध्ये घालून हुतात्मा एक्सप्रेसमध्ये वर ठेवा. वन बीएचकेवाल्यांना, कधीतरी जाणाऱ्यांना, दोघांत एक वापरणाऱ्यांना मी हाच सुचवेन. वारा नसेल तर वल्हं मारा, वारा आला तर शीड. पण तो वाकतो आणि लवकर पाण्यावर चढत नाही. ज्याला एकदा प्लेनिंगची चव लागली त्याला हे म्हणजे मिसळीऐवजी उसळ. मित्राने तोंड वाकडं केलं आणि विषय संपला.

फॉइलबद्दलही तो विचारणार हे मला माहीत होतं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपासून विंडसर्फिंगमध्ये बोर्ड पाण्याला टेकतच नाही, खालच्या पंखावर हवेत तरंगत जातो. त्याआधी २००८ ते टोकियोपर्यंत आरएस-एक्स नावाचा बोर्ड होता. त्याच बोर्डवर आपल्या एबाद अलीने २०२३ मध्ये हांगझाऊच्या एशियाडमध्ये ब्राँझ मिळवलं, आणि त्याची बातमी क्रिकेटच्या खाली कुठेतरी छापून आली. तर फॉइल भारी आहे, पण त्याचा खांब जवळजवळ मीटरभर पाण्याखाली असतो. उजनीतल्या भिंती आणि खोडं आठवा. पुढे कधीतरी. नवा बोर्ड फॉइल चालेल अशा मजबूत खाचेचा असला तर असू दे, त्याच्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

ब्रॅण्डचं फार मनावर घेऊ नका. स्टारबोर्ड, जेपी, फॅनॅटिक, टाबू, सगळ्यांचे मोठे फ्रीराइड बोर्ड चांगले असतात. बिकचे जुने बोर्ड दिसले तर नाक मुरडू नका. हो, बॉलपेनवाली बिकच! तिची बोर्ड बनवणारी शाखा पुढे एस्टोनियाच्या टाहेने घेतली. त्यांचा टेक्नो २९३ नावाचा बोर्ड जगभरची शाळकरी मुलं रेससाठी वापरतात. २९३ सेंटिमीटर लांब, ७९ रुंद, २०५ लिटर, डॅगरबोर्डसकट. मजबूत प्रकरण. वजनदार माणसाने तो पहिला बोर्ड म्हणून घेतला तर मी टाळ्या वाजवेन. माझ्या मित्राने मात्र 'मुलांचा बोर्ड' म्हणून नाकारला. पुरुषांचा इगो लिटरमध्ये मोजायची सोय अजून निघालेली नाही.

शेवटी काय घेतलं? दोन महिने शोधून गोव्यातूनच एक बोर्ड मिळाला. १५५ लिटर, ८० रुंद, डॅगरबोर्डसह, साधा फायबरचा, बाजूला एक ओरखडा. रंग असा की त्याची आई म्हणाली, "पिवळा तरी घ्यायचास, हा काय कावीळ झाल्यासारखा." (रंग ओळखूनच घ्या.) सोबत ६.५ चौरस मीटरचं शीड, कारण बारा-पंधरा नॉट्सला ब्याऐंशी किलोला तेवढं लागतंच. वारा जास्त झाला तर म्हणून एक ५.५ चं मागाहून बघणार. तो एकशेपाच लिटरचा कार्बन कोणीतरी दुसऱ्याने घेतला म्हणे. त्याचं वजन किती होतं, कळलं नाही.

बोर्ड २४५ सेंटिमीटरचा आहे आणि पुण्यातल्या फ्लॅटच्या लिफ्टमध्ये उभा काय, तिरकाही मावत नाही. त्यामुळे तो सोलापुरात, जुन्या घराच्या माळवदाखाली, दोन चादरींच्या झोळीत टांगलाय. वारा सुरू झालाय. पाणी अजून वर यायचंय. तोवर आखूड फिन लावून, काठाकाठाने, सकाळी सातला. मी काठावर बसायला जाणार आहे, शिट्टी घेऊन. धपाटे आणि शेंगाचटणी मित्राकडून.